आत राहिलेली फुंकर

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, म्हणून आधीच सांगतो. फोटो चांगला आला की सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करतात, पण कॅमेरा बिचारा पेटी असतो. लेन्स ही त्याची खिडकी, शटर हा पडदा आणि त्या पडद्यामागे अंधारात काडेपेटीपेक्षा थोडी लहान अशी जी काच बसलेली असते, ती मी. पडदा उघडतो, मी पाहतो, पडदा पडतो. पाहिलेलं चित्र लगेच माझ्याकडून काढून कार्डावर लिहिलं जातं आणि माझी पाटी कोरी होते. आयुष्यभर पाहण्याचंच काम केलं, पण एकही चित्र माझ्याजवळ नाही. आवाज मात्र राहिले आहेत, कारण पेटीत बसून ऐकण्याशिवाय मला दुसरा उद्योग नव्हता. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते बहुतेक ऐकलेलंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली खोली एवढी स्वच्छ होती की दवाखान्यालाही लाज वाटावी. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेले, तोंडावर पट्ट्या, हातांत मोजे. माणसाच्या श्वासाला ती माणसं जेवढी भीत, तेवढी आगीलाही भीत नसत. एकदा एका कामगाराची पट्टी घसरली आणि त्याने आमच्यावर वाकून सुस्कारा टाकला. माझ्या ओळीतली कितीतरी भावंडं उचलून कचऱ्यात गेली. मी टोकाला होतो म्हणून वाचलो. श्वासापासून लांब राहावं, हा मी शिकलेला पहिला धडा.

माझा पहिला मालक गाण्यांच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचा. मंचावर एकच दिवा, गाणाऱ्याचा अर्धा चेहरा काळोखात. अशा ठिकाणी भल्याभल्यांची त्रेधा उडते. माझा आकार मोठा, त्यामुळे थोडा उजेडही मला पुरायचा. "अंधारातून चेहरा उचलावा तर यानंच," असं म्हणून मालक पेटीची पाठ थोपटायचा आणि ती थाप मला पोचायची. चांगले दिवस होते ते. मग नवे सेन्सर आले, नव्या पेट्या आल्या. गरज सरो आणि वैद्य मरो, म्हणतात तसं झालं. कपाटात पडून पडून लेन्सला बुरशी धरली, शटर अडखळू लागलं. शेवटी मालकाने मला एका दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिलं आणि मला घ्यायला तो परत आलाच नाही.

दुकान गल्लीच्या वळणावर होतं. पुढे काचेचं काउंटर, मागे कापडाचा पडदा, पडद्याआड कामाचं टेबल. टेबलावर मिस्त्री बसायचे आणि काउंटरवर त्यांची लेक. घरातही ही दोघंच. मिस्त्रींनी काउंटरच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली होती, असं मी ऐकून आहे, कारण प्रत्येक गिऱ्हाईक ती मोठ्याने वाचायचं: 'तोंडाने फुंकू नये.' गोष्ट अशी, मित्रांनो, की माझ्यावर धूळ बसली तर ती उडवायला रबराचा एक फुगा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. तो दाबला की कोरडी हवा येते. तोंडाने फुंकर मारली तर वाफ येते, थुंकीचा तुषार येतो आणि त्याचा डाग माझ्यावर कायमचा बसू शकतो. पण लोकांना राहवत नाही. कोणी फुंकर मारल्याचा आवाज आला की मिस्त्री पडद्याआडून ओरडायचे, "अहो, तो काय गरम चहा आहे का?"

त्यांचा श्वास मला पाठ झाला होता. बारीक काम करताना ते दोन छोटे श्वास घ्यायचे, थांबायचे आणि मग एक मोठा लांब सोडायचे. छोटा, छोटा, मोठा. लेक बाहेरून थट्टा करायची, "बाबा, स्क्रू निघाला ना? मोठा श्वास ऐकू आला इकडे!"

"निघाला. तू आपली गिऱ्हाईक बघ, चिमणे," ते म्हणायचे.

लेन्स काढून, माझ्यापुढचा दारासारखा आरसा वर करून ते माझ्यावर वाकायचे. माझ्या इतक्या जवळ आजवर कोणी आलं नव्हतं. पण लेन्स नसली की मला नुसता उजेड दिसतो, आकार दिसत नाही. त्यांचा चेहरा म्हणजे वर तरंगणारा एक फिकट गोळा, एवढंच मला ठाऊक. चाचणीचे फोटो ते समोरच्या पांढऱ्या भिंतीचे काढायचे. त्यामुळे ज्यांनी मला सर्वांत जवळून पाहिलं, त्यांना मी कधीच पाहिलं नाही.

मग एके दिवशी दुपारी त्यांनी मला शेवटचं साफ करायला घेतलं. आरसा वर गेला, शटर उघडलं, फिकट गोळा खाली आला. ब्लोअर दाबल्याचा आवाज झाला, पण हवा आली नाही. पुन्हा दाबला. रबर फाटलं होतं. मिस्त्री चरफडले. लेकीला हाक मारली असती तर तिने काउंटरच्या खणातून दुसरा आणून दिला असता. पण एकाच धुळीच्या कणासाठी कशाला, असं त्यांना वाटलं असावं. गोळा आणखी जवळ आला. छोटा श्वास, छोटा श्वास, आणि मग जन्मभर दुसऱ्यांना जे करू दिलं नाही, ते त्यांनी स्वतः केलं. त्यांची फुंकर माझ्यावर आली. गरम, लांब आणि थोडी थरथरती.

मी परत आत जाणाऱ्या श्वासाची वाट पाहत राहिलो. तो गेलाच नाही. गोळा एका बाजूला कलला आणि टेबलावर काहीतरी जड टेकलं. मी उघडाच होतो. हळूहळू बॅटरी संपत आली, आणि बॅटरी संपली की वर उचललेला आरसा आपोआप खाली पडतो. तो पडला. खटक! दार लागलं आणि ती फुंकर माझ्याबरोबर आत राहिली.

लेकीने तो खटका बाहेर ऐकला. बाबांचं काम झालं, असं समजून ती एका बाईंना कॅमेऱ्याचा पट्टा दाखवत बसली. नंतर पडदा सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर तिचा जो आवाज मी ऐकला, तो तुम्हांला सांगणार नाही.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार. पण लेकीच्या मनाने एकच गोष्ट धरली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती विचारायची, "त्यांनी हाक मारली असेल का हो? मला ऐकू आली नसेल का?" मारली नव्हती, मित्रांनो. मला पक्कं माहीत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

दुकान काही काळ बंद राहिलं, पुन्हा उघडलं. माझी साफसफाई झालीच आहे, असं धरून लेकीने मला न तपासता विक्रीच्या कपाटात ठेवलं. शेजारी एक सडपातळ, चकचकीत कॅमेरा होता. त्याचा सेन्सर नखाएवढा, पण मेगापिक्सेलचा आकडा माझ्या दुप्पट. मी त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणायचो.

ती फुंकर आत राहिल्यापासून मी एकटा नव्हतो. बॅटरी घातली, वीज माझ्यापर्यंत आली की माझ्या काचेवर काहीतरी पसरायचं आणि आक्रसायचं. मी ते मनावर घेतलं नाही. म्हातारपणी अंगात असं काहीबाही होत असेल, म्हणून गप्प बसलो.

एक दिवस शाळेत नाटकं बसवणाऱ्या एक बाई आल्या. लेकीने चिरंजीवाला आणि मला शेजारी शेजारी काउंटरवर ठेवलं.

"यात मेगापिक्सेल जास्त आहेत ना? मग हाच चांगला असणार," बाई म्हणाल्या.

"तसं नसतं, बाई. सेन्सर म्हणजे खोलीची खिडकी समजा. लहान खिडकीला कितीही गज लावले तरी उजेड वाढतो का? हा जुना आहे, गज कमी आहेत, पण खिडकी मोठी. तुमच्या नाटकात अंधार असतो. दोन्हींनी एकच फोटो काढून बघू या."

मित्रांनो, तुम्हीही कधी दोन कॅमेऱ्यांतून एक निवडणार असाल, तर असंच करा. तिने दुकानाचा दिवा घालवला, पडद्याजवळच्या काळोख्या कोपऱ्यात एक जुनी छत्री टेकवली आणि दोघांकडून तिचा फोटो काढला. संगणकावर मोठा करून पाहिल्यावर बाई म्हणाल्या, "अगंबाई, या नव्यानं तर छत्रीवर तिखटमीठ भुरभुरलंय! आणि याच्यात काड्यासुद्धा मोजता येतायत." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी माझं कौतुक झालं होतं.

"आता पांढऱ्या भिंतीचा एक," लेक म्हणाली. "लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं की सेन्सरवरची घाण उठून दिसते. तेही बघून घ्यावं." चिरंजीव स्वच्छ निघाला. माझ्या फोटोत मधोमध एक करडा डाग आला.

"हा कसला?"

"धूळ असेल. थांबा हं." तिने ब्लोअर मारून पुन्हा फोटो काढला. डाग होता, फक्त जरा मोठा झाला होता. तिने आणखी फोटो काढले आणि दोघी संगणकावर ते एकापुढे एक सरकवू लागल्या. मला बटणाचे टकटक आवाज येत होते. मग ते थांबले.

"अगं," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हा डाग लहानमोठा होतोय."

 लेकीने लेन्सवर झाकण लावलं. सेन्सर पारखायची ही आणखी एक रीत. झाकण लावून, पडदा बराच वेळ उघडा ठेवून फोटो काढायचा. चांगला सेन्सर असेल तर फोटो काळाकुट्ट येतो, आणि धुळीचा डाग असला तरी त्यात दिसत नाही. उजेडच नसेल तर धूळ अडवणार काय? तिने तसे फोटो काढले आणि संगणकावर उजळून पाहिले. काळोखात तो डाग होता. आता तो करडा नव्हता, आजूबाजूपेक्षा उजळ होता. एका फोटोत थोडा पसरलेला, पुढच्यात थोडा, त्याच्या पुढच्यात खूप. छोटा, छोटा, मोठा.

खुर्ची मागे सरकली. लेक उठली असावी. "बाई, तुम्ही तो नवा घेऊन जा," ती म्हणाली. "हा विकायचा नाहीये."

"पण तूच तर म्हणालीस..."

"विकायचा नाहीये म्हटलं ना!"

चिरंजीव गेला आणि मी कपाटातून टेबलावर आलो, पडद्याआड. त्यानंतरचे दिवस आठवले की अजून मला हुडहुडी भरते. सकाळी दुकान उघडलं की लेक आधी माझ्यात बॅटरी घालायची, झाकण लावायची आणि फोटो काढत बसायची. फोटोंशी बोलायची. "बाबा, आज बरे आहात ना? आज मोठा श्वास लांब घेतलात." बाहेर गिऱ्हाइकं हाका मारून निघून जायची. समोरचा चहावाला विचारायचा, "काय गं, दुकान चालवायचंय की नाही?" ती ओ द्यायची नाही.

तिला वाटत होतं, बाबा तिच्याजवळ आहेत. मला आतून जे जाणवत होतं, ते निराळं होतं. तो श्वास बाहेर पडायला दार शोधत होता. तो माझ्या काचेच्या कडेपर्यंत पसरायचा, चाचपडायचा आणि परत मधे गोळा व्हायचा. तोंडावर कोणी पांघरूण दाबून धरलं तर माणूस जसा श्वास घेईल, तसा तो दिवसेंदिवस घ्यायला लागला. आणि याहून वाईट म्हणजे बाहेर, माझ्या पेटीजवळ, मला दुसरा एक श्वास तसाच ऐकू येऊ लागला. छोटा, छोटा, मोठा. तो लेकीचा होता. मला तिची भीती वाटू लागली, म्हणजे तिच्यासाठी भीती वाटू लागली.

मग एका दुपारी नाटकवाल्या बाई परत आल्या. "अगं, नाटकाचे फोटो चिखलासारखे आलेत सगळे. राजा कुठला आणि खांब कुठला, कळत नाही. तो जुना दे ना मला."

"नाही म्हटलं होतं ना," लेक पडद्याआडून म्हणाली.

"बरं, नको देऊस. पण तू बाहेर तरी ये. तोंड बघ केवढं उतरलंय. जेवतेस ना वेळेवर?"

"आले. दोन मिनिटं बसा."

ती बाहेर गेली नाही. तिने माझी लेन्स काढली. आरसा वर गेला, शटर उघडलं. फिकट गोळा माझ्यावर आला आणि खाली खाली येत राहिला. माझ्या काचेवरचा श्वास एकदम उसळला. ती कुजबुजली, "बाबा, मला तुमची हाक ऐकू आली नाही हो. सरका थोडे. मी पण येते."

आणि तिने ओठांचा चंबू केला. दिसलं नाही, पण फुंकर येण्याआधी घेतलेला श्वास मी ऐकला. छोटा. आणखी एक छोटा.

मला हात नाहीत, आवाज नाही. बॅटरीतून माझ्यापर्यंत येते तेवढी वीज मात्र माझी असते. ती मी घटाघटा प्यायलो. मी तापलो, असा तापलो की गाण्यांच्या कार्यक्रमांतही कधी तापलो नव्हतो. खरं सांगायचं तर ती सगळी वीज मी एकट्याने संपवली, की माझ्या आतल्या त्या श्वासानेही हातभार लावला, हे मला आजही सांगता येत नाही. बॅटरी संपली आणि आरसा खाली पडला.

खटक!

तिची फुंकर बाहेरच, आरशावर आदळली.

तिच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. हाच तो खटका होता. हाच ऐकून ती त्या दिवशी काउंटरवर बसून राहिली होती. पडद्याबाहेर खुर्ची सरकली आणि बाई म्हणाल्या, "काय गं, काय पडलं? आत येऊ का मी?"

 मग लेक रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, मोठ्याने. "या ना," ती म्हणाली. "या, बाई. मला एकटीला नाही जमणार."

बाई आत आल्या. लेकीने त्यांना सगळं सांगितलं, हुंदके देत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. बाईंनी मधे एकदाही 'असं कुठं असतं का' म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "त्यांना ते आवडलं असतं का गं? असं आत अडकून राहणं?"

"त्यांना सेन्सरवर फुंकलेलंच आवडायचं नाही," लेक म्हणाली आणि रडता रडता हसली.

तिने चार्जरवरची पूर्ण भरलेली बॅटरी घातली. बाईंनी टेबलावरचा दिवा जवळ धरला. सेन्सर पुसायची एक मऊ कापडाची पट्टी असते, तिच्यावर तिने थेंबभर द्रव घेतला. "बाबा, दार उघडलंय," ती म्हणाली. "जा आता." आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तिला बाबांनी शिकवलं होतं तसं, एकाच फेऱ्यात तिने मला पुसलं.

कापडापुढे तो श्वास माझ्यावरून सरकत गेला. मोठा, लांब, काम झाल्यावर मिस्त्री सोडायचे तसा. लेक म्हणाली, "गालाला गरम लागलं." बाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "माझा चष्मा का धुरकट झाला एकदम?" मग त्यांनी तो पदराला पुसला.

पांढऱ्या भिंतीचा फोटो पांढरा आला. झाकण लावून काढलेला काळा आला. लेकीने मला कागदात गुंडाळून बाईंच्या हवाली केलं आणि बजावलं, "तोंडानं फुंकायचं नाही हं, बाई."

आता मी शाळेच्या नाटकांचे फोटो काढतो. राजा आणि खांब वेगवेगळे दिसतात. अंक संपून दिवे जातात, तेव्हा पडद्यामागच्या अंधारात मी कधी कधी कान देऊन बसतो. काही ऐकू येत नाही. खोटं कशाला बोलू, थोडी चुटपुट लागते. ज्याच्याजवळ काहीच राहत नाही, त्याच्याजवळ एकदा काहीतरी राहिलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कॅमेरा असेल तर त्याला कपाटात सडू देऊ नका. दमट जागी ठेवू नका. आरसा वर करण्याआधी बॅटरी पूर्ण भरून घ्या. आत धूळ दिसली तर कितीही घाई असली तरी वाकून फुंकर मारू नका, ब्लोअर वापरा. आणि ब्लोअर फाटलेला निघाला, तर हातातलं काम तसंच ठेवा आणि हाक मारा. पडद्याच्या पलीकडे तुमची लेक बसलेली असते, तिला ऐकू जाईल.